एक गाडी, दोन जोड ब्रेक पॅड

मशीन डिझाइनच्या व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो : "ब्रेकचं काम काय?" आपण छाती फुगवून सांगतो, "सर, गाडी थांबवणे." सर मान हलवतात, आपण सुटतो. मीही असाच सुटलो होतो. पण या प्रश्नाचं खरं उत्तर मला व्हायव्हात नाही, तर चंदनापुरी घाटात कळलं, आणि ते कळताना हातापायाला घाम फुटला होता. तीच गोष्ट इथं सांगतो. सोबत थोडं गणित आहे, पण घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सपलीकडचं काही नाही.

माझा एक आत्तेभाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आहे. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, वजन साधारण ११०० किलो. पोलो २०२२ मध्ये भारतात बंद झाली, पण हौशी लोकांनी ती अजून जिवापाड जपली आहे. दादाची हौस जरा पुढची. वर्षातून एकदा-दोनदा मित्रांबरोबर तो कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी पळवायला जातो. करीवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक २००३ साली सुरू झाला, लांबी जेमतेम २.१ किलोमीटर. फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा गेली काही वर्षं तिथंच भरते, म्हणून आपल्यातल्या टीमवाल्यांना नाव माहीत असेल.

पहिल्या वेळी दादा गेला आणि चौथ्या-पाचव्या राउंडला वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं कडक, आणि गाडी मात्र पुढंच. सरळ मातीत जाऊन थांबली. नशीब, तिथं माती होती. घरी आल्यावर मला फोन : "अरे, तू मेकॅनिकलचा ना? मग चांगले ब्रेक पॅड सांग. पण एक लक्षात ठेव, माझा बाप काही साखर कारखान्याचा चेअरमन नाही. परवडतील असे सांग."

ब्रेक गाडी थांबवत नाही, तो तापतो

आधी गणित करू. गाडी आणि ड्रायव्हर मिळून १२०० किलो धरा. सरळ रस्त्यावर वेग ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. पुढच्या वळणासाठी तो ६० वर आणायचा, म्हणजे १६.७ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, दोन्हींची वजाबाकी केली की उत्तर येतं साधारण ५ लाख ज्यूल. हॉस्टेलमध्ये रेक्टरांची नजर चुकवून आपण जो दीड किलोवॅटचा रॉड बादलीत टाकतो, त्याला एवढी उष्णता द्यायला साडेपाच मिनिटं लागतात. ब्रेक तेच काम सव्वादोन सेकंदांत करतो. म्हणजे त्या दोन सेकंदांत ब्रेकची पॉवर इंजिनच्या तिप्पट होते! गाडीत सगळ्यात ताकदवान वस्तू कोणती, तर इंजिन नव्हे, ब्रेक.

आता यातली सुमारे ७० टक्के उष्णता पुढच्या दोन डिस्कवर जाते, कारण ब्रेक मारला की वजन पुढं झुकतं. म्हणजे एका डिस्कला पावणेदोन लाख ज्यूल. डिस्कचं वजन ५ किलो धरलं आणि बिडाची विशिष्ट उष्णता ५०० ज्यूल धरली, तर एका दाबात डिस्क ७० अंशांनी तापते. रस्त्यावर पुढचा ब्रेक मारेपर्यंत ती थंड होते. ट्रॅकवर मात्र दहा-पंधरा सेकंदांत पुढचं वळण येतं. हवा लागून थोडी उष्णता जाते, पण येते जास्त आणि जाते कमी. मेसच्या उधारीसारखं. चार-पाच राउंडांत डिस्क ४००-५०० अंशांपर्यंत सहज पोचते.

म्हणून व्हायव्हाचं खरं उत्तर असं : ब्रेकचं काम गतीची उष्णता करणं, आणि ती सहन करत हवेत सोडणं. पॅड निवडायचा म्हणजे "किती पकडतो" हे नंतर बघायचं. आधी "किती तापमानाला किती पकडतो" हे बघायचं.

आधी आजार ओळखा, मग औषध घ्या

ब्रेक गेला म्हणजे पॅडच खराब, असं नसतं. मी दादाला पहिला प्रश्न विचारला, "पेडल कसं होतं, कडक की पोचट?" इथंच निम्मं निदान होतं.

पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही : हा पॅडचा दोष. पॅडमधलं रेझिन मर्यादेबाहेर तापलं की त्यातून वायू निघतो, घर्षण घसरतं. यालाच ब्रेक फेड म्हणतात.

पेडल पोचट होऊन खाली जातं : हा ब्रेक ऑइलचा दोष. ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. बुडबुडे दबतात, त्यामुळे पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. असं असेल तर पॅडवर कितीही पैसे घाला, उपयोग शून्य.

ब्रेक लागतो, पण स्टिअरिंग थडथडतं : बहुतेक वेळा डिस्कवर पॅडचा थर कमी-जास्त बसलेला असतो. लोक याला "डिस्क बेंड झाली" म्हणतात आणि नवीन डिस्क घेतात.

थंड असतानाही पकड कमी आणि पॅड आरशासारखा चकाकतो : पॅड ग्लेझ झाला. आमचे मिस्त्री चाचा याला "लायनर काच झाला" म्हणतात. शब्द अगदी बरोबर आहे.

दादाचं पेडल कडक होतं. म्हणजे पॅडच. पण चाचांनी ऑइलही तपासलं, तर ते काळं झालेलं. कधी बदललं होतं हे दादाला आठवेना.

सगळ्यात स्वस्त सुधारणा : ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे तिन्ही एकाच जातीचे आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. नावातल्या एका दशांश चिन्हाचा फरक, पण चूक महागात पडते. ट्रॅकवर जायच्या आधी सीलबंद डब्यातलं ताजं ऑइल भरून चारही चाकांची एअर काढा. काही शे रुपयांचं काम आहे. उरलेलं उघडं ऑइल पुढच्या वर्षी वापरू नका.

पॅडचे प्रकार

दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "साधा देऊ का सिरॅमिक?" सिरॅमिक म्हटलं की आपल्याला भारी वाटतं. पण रस्त्यावरच्या गाडीसाठी मिळणारे सिरॅमिक पॅड मुख्यतः आवाज आणि धूळ कमी व्हावी म्हणून असतात. नाव वाचून ट्रॅकसाठी घ्यायचे नाहीत.

ढोबळमानाने असं समजा. साधे ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत, डिस्कला सांभाळणारे. पण ३०० ते ३५० अंशांच्या पुढं माना टाकतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडाचे तंतू आणि भुकटी असते, ते जास्त ताप सहन करतात, पण थोडे किरकिरतात आणि डिस्क जरा लवकर घासतात. "फास्ट रोड" प्रकारचे पॅड थंडीतही पकडतात आणि साधारण ५०० अंशांपर्यंत टिकतात. पूर्ण रेसिंगचे पॅड ६००-७०० अंशांनाही दमत नाहीत, पण थंड असताना त्यांची पकड फारच कमी. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

बऱ्याच पॅडच्या काठावर किंवा मागच्या पत्र्यावर एक लांबलचक नंबर असतो आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं असतात : ईएफ, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई लिहिलं असेल तर समजा, तापल्यावर पॅड ढिला पडतो. एफएफ असेल तर तापूनही टिकतो. पण गंमत इथंच आहे. या चाचणीतलं "गरम" म्हणजे जास्तीत जास्त ६५० अंश फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये सुमारे ३४३. आपला ट्रॅक त्याच्यापुढं सुरू होतो. म्हणजे एफएफ हा रस्त्यासाठी चांगला दाखला आहे, ट्रॅकसाठी नाही. तिथं कंपनीनं छापलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख बघावा लागतो. जी कंपनी तो आलेख देत नाही, तिच्या "रेसिंग" शब्दावर विश्वास ठेवू नये.

दुसरी खूण म्हणजे ईसीई आर९० चा शिक्का. युरोपातल्या या नियमानुसार बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडेच असावी लागते. रस्त्यासाठी स्वस्त पॅड घ्यायचा तर हा शिक्का मोठा आधार.

जाता जाता, घर्षणाचं हे शास्त्र आपल्यापासून फार लांब नाही. १८९७ साली इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी फेरोडो कंपनी काढली. फ्रूड यांच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, एक वाढवून हे नाव बनलं. शेवगावच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की पैठणच्या एमआयडीसीत हिंदुस्थान कंपोझिट्सचा घर्षण साहित्याचा कारखाना आहे. तिचंच पूर्वीचं नाव हिंदुस्थान फेरोडो. आणि नगरजवळ व्हीआरडीईत टेस्ट ट्रॅकच आहे. आपण मात्र ब्रेकचं शिक्षण मोबाइलवर शोधतो.

माझी चूक

आता घाटाची गोष्ट. मी हुशारी केली. दादाला म्हणालो, "अर्धवट काही घेऊ नकोस, पूर्ण रेसिंगचेच टाक." त्याने पैसे जमवून एक जोड मागवला. मूळ पॅडच्या कितीतरी पट किंमत. चाचांनी बसवताना विचारलं, "भाऊ, हा माल रोडवर चालेल का?" मी मध्येच बोललो, "चाचा, याच्यापेक्षा भारी काही नसतं." चाचा काही बोलले नाहीत.

डिसेंबरातली सकाळ, सहा-सव्वासहाची वेळ. घारगावहून संगमनेरला निघालो. पठारावर कडाक्याची थंडी. सरळ रस्ता, ब्रेकला हातच लावावा लागला नाही, म्हणजे डिस्क गार. चंदनापुरी घाट उतरायला लागलो आणि वळणापलीकडे उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मागचा लाइट नाही. दादाने ब्रेक दाबला. गाडीने वेग कमी केला, पण रोजच्यासारखा नाही. दादा अक्षरशः पेडलवर उभा राहिला. मग ब्रेक पकडू लागला, पण तोवर ट्रॉलीतला ऊस आमच्या काचेत भरला होता. दादाने उजवीकडे काढली. समोरून कोणी नव्हतं, एवढंच आमचं पुण्य.

खाली येऊन गाडी बाजूला लावली. दोघंही पाच मिनिटं गप्प. मग दादा एवढंच म्हणाला, "तू म्हणाला होतास ना, याच्यापेक्षा भारी काही नसतं?" मला उत्तर देता आलं नाही. पॅड वाईट नव्हता, कंपनीने काही लपवलं नव्हतं. ७०० अंशांसाठी बनवलेली वस्तू मी १० अंशांच्या सकाळी वापरायला दिली होती. चूक शंभर टक्के माझी.

मग परवडणारा मार्ग कोणता?

ट्रेलरवर गाडी नेणाऱ्याला रेसिंग पॅड लावून टाकता येतो. दादा हजार किलोमीटरहून जास्त अंतर तीच गाडी चालवत कोइम्बतूरला जातो आणि तीच चालवत परत येतो. मधे घाट, पाऊस, कुत्री, ट्रॅक्टर सगळं येतं. त्याच्यासाठी दोनच शहाणे पर्याय उरतात.

पहिला : थंडीत पकडणारा आणि ५०० अंशांपर्यंत टिकणारा फास्ट रोड पॅड, फक्त पुढच्या चाकांना. आणि ट्रॅकवर शिस्त पाळायची : चार-पाच राउंड जोरात, मग एक-दोन राउंड ब्रेक न वापरता हळू, मग विश्रांती. नव्याने ट्रॅकवर जाणाऱ्याला हे पुरेसं आहे.

दुसरा : दोन जोड. रस्त्यासाठी मूळ कंपनीचे पॅड, ट्रॅकसाठी वेगळे. ट्रॅकवर पोचल्यावर बदलायचे, निघताना परत बदलायचे. सराव झाला की पुढची दोन चाकं तासाभरात होतात. दोन जोड म्हणजे दुप्पट खर्च वाटतो, पण तसं नाही. ट्रॅकचा महाग पॅड वर्षातून दोनच दिवस घासतो, रोजचा स्वस्त पॅड रोज घासतो. शिवाय रोजची डिस्क वाचते. दादाकडे महाग जोड आधीच पडून होता, म्हणून त्याने हा मार्ग धरला.

बदलताना काही गोष्टी विसरू नका. कॅलिपरचा पिस्टन मागं ढकलला की डबीतलं ऑइल वर येतं, सांडलं तर रंग खातं. सरकणाऱ्या पिना साफ करून उष्णतेला टिकणारं ग्रीसच लावा. पॅडच्या तोंडाला बोट लावायचं नाही. धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, कारण जुन्या किंवा अनोळखी मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं. चाकाचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक थेट जमिनीला टेकतो.

पॅड अर्धा घासला की ट्रॅकवर नेऊ नका. रस्त्यावर तो अजून चालेल, पण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनला आणि ऑइलला लवकर पोचते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तीही मोजा. व्हर्निअर आपल्या लॅबमध्ये आहेच, प्रॅक्टिकलपुरता का ठेवायचा?

मागच्या चाकांची काय कथा? दादाच्या गाडीला मागं ड्रम आहेत, तिथं मूळ लायनरच ठेवले. फक्त मागची पकड वाढवली तर जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी सरकू शकतात आणि गाडी गोल फिरते. म्हणून हौसेने आधी मागं हात घालू नये.

बेडिंग : नव्या पॅडची मुंज

नवा पॅड बसवला की लगेच जोरात पळवायचं नाही. पॅड आणि डिस्कची ओळख व्हावी लागते. मोकळ्या जागी ताशी ७०-८० वरून २०पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, मधे पूर्ण थांबू नका. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. डिस्कवर पॅडचा एकसारखा पातळ थर बसतो आणि खरी पकड त्या थराची असते. तापलेली गाडी उभी करून पेडल दाबून ठेवलं की तो थर एकाच जागी जाड बसतो, आणि मग ते स्टिअरिंगचं थडथडणं. म्हणून ट्रॅकवरून आत आलात की हँडब्रेक नको, चाकाला दगड लावा. पॅडचा प्रकार बदलला की डिस्कवरचा थरही बदलतो, म्हणून दोन जोडवाल्याने दर वेळी पहिले दोन-तीन राउंड हळूच काढायचे. पॅडच्या खोक्यात कंपनीची वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

तुमच्या-माझ्यासाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पोलो नाही, सायकलचं पंक्चर काढायला पैसे नाहीत. पण बाजा आणि फॉर्म्युलाच्या टीममधले मित्र बाइकचे कॅलिपर आणि पॅड वापरतात. फॉर्म्युलाच्या ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत, आणि तेव्हा पॅड गारच असतात. तिथं सगळ्यात महाग पॅड घेणारी टीम माझ्यासारखीच फसू शकते. आणि सुट्टीला तिघं मिळून बाइकवर घाट उतरणाऱ्यांनो (तिघं बसू नका, हे सांगायलाच नको), उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. इंजिनला जेवढं काम द्याल तेवढा ब्रेक गार राहील आणि खऱ्या गरजेला हजर असेल.

दादा परत कोइम्बतूरला जाऊन आला. या वेळी मातीत गेला नाही. परतीला निघायच्या आधी त्याने ट्रॅकवरच मूळ पॅड बसवले आणि मला फोन केला, "चाचांना सांग, रोडचा माल रोडवर लावला." मी सांगितलं. चाचा हसले आणि म्हणाले, "बेटा, मी तेव्हाच विचारलं होतं."

आता व्हायव्हात कोणी विचारलं की चांगला ब्रेक पॅड कोणता, तर मी नाव सांगत नाही. उलट विचारतो, "सर, किती तापमानाला?"